वाघूळ आणि मोह: या नावांत वाघ आणि भुरळ शोधावी का?

प्रश्न: वटवाघळाचा वाघाशी काही संबंध आहे का? आणि मोहाचं झाड हे नाव त्याच्या दारूवरून, भुरळ पाडते म्हणून पडलं का?

उत्तर: दोन्ही ठिकाणी नाही. वाघूळ आला संस्कृत ‘वल्गुली’वरून. गुजरातीत त्याचं वागोळ झालं, आपल्याकडे ‘ग’चा ‘घ’ झाला आणि कानाला वाघ ऐकू येऊ लागला. मोहाचंही तसंच: मधूक, मग प्राकृतात महुअ, मग मोह. हिंदीतला महुआ त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे झाडाच्या नावात मध आहे. भुलवणारा मोह निराळा, तो ‘मुह्’ धातूचा.

वाघळाचं मला सगळ्यात आवडणारं नाव अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात आहे: अजिनपत्रा. अजिन म्हणजे कातडं, पत्र म्हणजे पंख. पंख ताणलेलं वाघूळ एकदा उजेडासमोर पाहिलंत की हा शब्द विसरणार नाही. तिथेच ‘जतुका’ हेही नाव दिलंय, आणि त्याच कोशाच्या वनौषधिवर्गात, म्हणजे वनस्पतींच्या भागात, जतूका चक्क एक वनस्पती आहे! प्राणी आणि झाड एकाच शब्दात.

लिहिताना वटवाघूळ, घू दीर्घ. अनेकवचन वटवाघळं, देऊळ-देवळं, तसं. कोकणात किडे खाणाऱ्या लहान जातीला पाकोळी म्हणतात. फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळाला ते नाव लावू नये.

आणखी एक उत्तर: शब्दांत वाघूळ आणि मोह यांचं नातं नसेल, रानात मात्र आहे. आमच्या गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जातात. जमिनीवर पडलेलं फूल हातात घेऊन बघा: पिवळट, रसाळ, पोकळ मण्यासारखं, आरपार भोक. फळ जिच्यातून धरायचं ती बीजकोशी लांब दांडीसकट वर फांदीवरच राहिलेली असते. त्यामुळे रात्री वाघूळ गोड पाकळ्या खाऊन गेलं तरी झाडाचं नुकसान होत नाही, उलट परागकण या फुलावरून त्या फुलावर पोचतात. पुढे त्याच दांडीशी टोळ, म्हणजे मोहाचं फळ, धरतो, त्याच्या बीचं तेल निघतं. पिकल्या टोळाचा गरही वाघळंच खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. म्हणून वाघळं बसतात तो वड किंवा चिंच अपशकुनी समजून तोडू नका, एवढं कळकळीचं सांगणं.