मदत हवी आहे : मालवणच्या बाजारपेठेतले आवाज कसे नोंदवू?

नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या प्रबंधासाठी मी जुन्या बाजारपेठेतल्या रोजच्या आवाजांचा अभ्यास करतेय. पाववाल्याचं पहाटेचं पों पों, देवळातली घंटा, कौलांवरचा पाऊस, किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव... पुढे रस्तारुंदी, पार्किंग ठरवताना यातलं काय राखायचं, हे कळावं म्हणून.

घोळ असा, की मोबाइलवरचं मीटर लिलावाला ७२ डेसिबल दाखवतं आणि दुचाक्यांच्या कोंडीलाही ७२! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा व्यापारी भागाला ६५, रहिवासी भागाला ५५. पण इथे खाली दुकान, वर माडीवर बिऱ्हाड. कुठला आकडा धरू?

आयएसओ १२९१३ या परिसरातल्या आवाजांविषयीच्या (साउंडस्केप) आंतरराष्ट्रीय मानकात माणसाला आवाज कसा वाटतो, यालाच महत्त्व आहे. म्हणून प्रश्नावली केली. एका मासळीवाल्या मावशींना विचारलं, "ह्यो आवाज कसो वाटता?" त्या म्हणाल्या, "आवाज खंय? ह्यो तर लिलाव!" आता हे कुठल्या रकान्यात भरू?

'गजबज' आणि 'कलकलाट' यांतला फरक लोकांना कसा विचारावा? आणि खाऱ्या वाऱ्यात माइक फरफरतो, त्यावर स्वस्तातला उपाय? (स्पंजची टोपी लावून झाली, उपयोग शून्य.)