डोळे झाकले जातील एवढी पिसं असलेल्या बजीला पहिला नंबर का द्यायचा?

धागाकर्ता: बजी म्हणजे बजरीगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट. ऑस्ट्रेलियातला रानबजी जेमतेम १८ सेंमीचा, तीसेक ग्रॅमचा. इंग्लंडच्या बजरीगर सोसायटीने (स्थापना १९२५) मानकात, म्हणजे शोमधला आदर्श पक्षी कसा असावा या नियमात, लांबी २१६ मिमी धरली आणि शोसाठी वाढवलेला बजी वजनाने जवळजवळ दुप्पट झाला. मोठ्या आकाराबद्दल माझी तक्रार नाही, डोक्यावरच्या पिसांबद्दल आहे. 'बफ' म्हणजे लांब, जाड पिसांच्या जोड्या पिढ्यानपिढ्या लावल्या की भुवईची पिसं डोळ्यांवर येतात. समोर राळे टाकले तरी पक्षी मान तिरकी करून शोधतो. पिसं आड येतात म्हणून जोडी लावण्याआधी शेपटीखालची कातरावी लागतात. अशा पक्ष्याला ट्रॉफी देणं मला पटत नाही.

कडीवाला: दादा, पूर्ण असहमत. पक्षी तब्येतीने खणखणीत नसेल तर त्याचा बक्षिसासाठी विचारच करू नये, असं मानक सांगतं. शोवाल्याच्या प्रत्येक पिल्लाच्या पायात जन्मवर्षाची बंद कडी असते, आई-बाप वहीत असतात. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जे बजी विकतात, ते एकाच जाळीत अंड्यांसाठी दहा मडकी टांगून काढलेले. तिथे भावा-बहिणीची जोडी लागली तरी कुणाला कळत नाही. जास्त हाल कुणाचे?

धागाकर्ता: वहीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, ती शिस्त सगळ्यांनीच घ्यावी. पण तब्येत तपासतात कुठे? बाहेरून काळ्या, आतून पांढऱ्या, दोन दांड्यांच्या छोट्या पिंजऱ्यात. तिथे ऐट दिसते, उडणं दिसत नाही. आणि गळ्यावरचे सहा ठिपके गोल, सारख्या अंतरावर दिसावेत म्हणून जादा ठिपक्यांची पिसं चिमट्याने उपटतात, त्याचं काय?

रानपाखरू: पिंजराच नको! पोपट पाळणं गुन्हा, मग बजी कसा चालतो?

कडीवाला: ताई, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आपल्या रानातल्या पोपटांना आहे. बजी परदेशी, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला. सोडलात तर कावळ्याच्या तोंडी जाईल.

परदेशस्थ: इंग्लंडमध्ये राहतो, शो बघतो. जुने ब्रीडर बफला आखूड, घट्ट पिसांचा जोडीदार देतात, म्हणजे पिसं आटोक्यात राहतात. मानक वाईट नाही, घाई वाईट. जिंकणाऱ्या एकाच घराण्याचे नर सगळे आणतात आणि नात्यातच जोड्या लागून रक्त आटतं. 'फेदर डस्टर' पिल्लं, ज्यांची पिसं वाढायची थांबतच नाहीत आणि जी वर्षभरही जगत नाहीत, ती कोणत्याच मानकाला नको आहेत.

धागाकर्ता: घाई का होते? परीक्षक दरवर्षी आणखी मोठं डोकं निवडतात म्हणून. नियमात एकच ओळ घाला: दोन्ही डोळे समोरून स्वच्छ दिसले नाहीत तर पक्षी बाद. ब्रीडर आपोआप जोड्या बदलतील.

कडीवाला: बाद नको, गुण कापा. मोल्टमध्ये, म्हणजे जुनी पिसं झडून नवी येताना, चांगल्या पक्ष्याचीही पिसं विस्कटतात, त्याची मेहनत पाण्यात जाईल.

धागाकर्ता: मोल्टमधला पक्षी शोला आणायचाच कशाला? तुमच्याच मानकात तो बसत नाही.