दारुहळदीचा अर्क एमआरएसएवर चालतोय, पण झोनवर किती विश्वास ठेवायचा?

मायक्रोवाली: नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रो सेकंड इयरला आहे, डिझर्टेशन चालूय. दारुहळदीच्या खोडाचा मेथॅनॉल अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून वेल डिफ्यूजन लावलं (अगरच्या प्लेटमध्ये खड्डा, म्हणजे वेल, करून त्यात अर्क भरायचा), एमआरएसएवर (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ जंतू) १६ मिमी झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आला, व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कला १७, म्हणजे जवळपास बरोबरीच ना? गाईड म्हणतात पेपर होईल. पण ई. कोलायवर काहीच नाही, शून्य. असं का? आणि आता पुढे काय करू?

अगरबहाद्दर: बरोबरी नाही गं. वेलमध्ये किती टाकलंस?

मायक्रोवाली: ५० मिग्रॅ/मिलिचा स्टॉक, १०० मायक्रोलिटर.

अगरबहाद्दर: म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, आणि डिस्कवर व्हॅन्कोमायसिन ३०. त्यात तो रेणू आडदांड, अगरमधून रांगत सरकतो म्हणून त्याचा झोन तसाही छोटाच येतो, स्टॅफवर त्याची डिस्क कोणी धरतही नाही, एमआयसीच (जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) बघतात. तू पण ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन लाव (छोट्या वेलच्या प्लेटमध्ये द्रव माध्यमात अर्क पायरीपायरीने पातळ करत), प्रत्येक वेलमध्ये मिलिला ५ लाख सीएफयूच्या (जिवंत जंतूंच्या) आसपास, आणि नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल विसरू नको, अर्ध्या थिसिसमध्ये तो नसतोच. क्रूड अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम/मिलिच्या खाली आली तर मग पेपरचं बोलू.

निवृत्त_लॅबवाली: ई. कोलायचं कोडं सोपं आहे बाळा, ग्रॅम निगेटिव्हला बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, त्यातून जे काही आत शिरतं ते पंप बाहेर फेकतात. स्टॅफमध्येपण नॉरए नावाचा पंप बर्बेरिन, म्हणजे दारुहळदीतलं पिवळं जंतुनाशक द्रव्य, बाहेर काढतोच. गंमत म्हणजे २००० साली दाखवलं होतं की बर्बेरिसच्याच (दारुहळदीच्या प्रजातीच्या) काही जातींच्या पानांत ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन असतं, ते स्वतः जंतू मारत नाही पण हा पंप अडवतं, मग बर्बेरिन आत साठतं. तू खोड घेतलंयस, पानांचाही अर्क करून बघ की. नॉरफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकलाही तोच पंप फेकतो, तेव्हा अर्कासोबत त्याचं चेकरबोर्ड लाव (दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रा एकत्र तपासायच्या), एफआयसी इंडेक्स (एकत्र असताना एमआयसी किती घटली त्याचं माप) ०.५ किंवा कमी आला तर सिनर्जी, म्हणजे दोन्ही एकमेकांचा जोर वाढवतात. मला विचारशील तर खरा पेपर इथे आहे, झोनमध्ये नाही.

रानवेडा: आधी सांगा दारुहळद आणली कुठून? काष्ठौषधीच्या दुकानातून असेल तर जपून, त्या नावाखाली कॉसिनियम या दुसऱ्याच वनस्पतीचे तुकडेपण खपतात, तेही पिवळे आणि बर्बेरिन त्यातही असतं त्यामुळे रिझल्ट येतो आणि कळतच नाही. पुण्यात बीएसआय (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घ्या, झाडाची पानाफुलांसकट फांदी मिळाली तर उत्तम.

मायक्रोवाली: दुकानातूनच आणलीय 😐 बघते आता. एमआयसीला रेझाझुरिन (जिवंत जंतू असले की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) वापरलं तर चालेल का? अर्क इतका पिवळाधमक आहे की टर्बिडिटी (जंतू वाढल्याचा गढूळपणा) दिसतच नाही.

अगरबहाद्दर: चालेल, पण जंतू न टाकता नुसता अर्क + रेझाझुरिन अशी एक रांग ठेव, वनस्पतीतली पॉलिफेनॉलं कधीकधी स्वतःच त्याला गुलाबी करतात आणि मग मेलेले जंतू जिवंत वाटतात. निळ्या राहिलेल्या वेलमधलं थोडं साध्या अगरवर टाक, वाढ नाही आली तर एमबीसीपण (जंतू मारणारी किमान मात्रा) मिळाली.