प्रथम वर्षाच्या गणिताच्या तासाला गटकार्यात सर्वांचा सहभाग कसा मिळवावा?

प्रश्न:
तालुक्याच्या ठिकाणच्या आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्ष बी.एस्सी.ला मराठी, सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. रिअल ॲनालिसिसच्या (वास्तव संख्या, त्यांच्या क्रमिका व सीमा यांचा अभ्यास) तासाला मी चौघाचौघांचे गट करते. परंतु गटातील इंग्रजी सफाईने बोलणारा विद्यार्थी उत्तर लिहून मोकळा होतो आणि बाकीचे ते वहीत उतरवून घेतात. चाचणीत उत्तम लिहिणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलीही गटात बोलत नाहीत. मागे राहणाऱ्यांसाठी वेगळी शिकवणी घ्यावी का?

उत्तर १:
मॅडम, वेगळी शिकवणी कृपया घेऊ नका. १९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गणितज्ञ उरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना असे दिसले की अपयशी ठरणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकटेच अभ्यास करत होते, तर चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत असत. त्यानंतर त्यांनी सुरू केलेल्या कार्यशाळांना उपचारात्मक वर्गाचे रूप मुद्दाम दिले नाही. तेथे नेहमीपेक्षा कठीण गणिते गटाने सोडवली जात. ‘तुम्ही कच्चे आहात’ असे सांगून बोलावलेला विद्यार्थी मन मोकळे करून प्रश्न विचारत नाही, हा माझाही अनुभव आहे.

उत्तर २:
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र खरी अडचण गणिताच्या निवडीत असावी असे वाटते. एकच ठरावीक उत्तर असलेले गणित दिले की सर्वांत वेगवान विद्यार्थी ते संपवणारच. त्याऐवजी ‘बाउंडेड आहे पण कन्व्हर्जंट नाही अशी सीक्वेन्स प्रत्येकाने वेगळी द्या’ असे सांगावे, म्हणजे ठरावीक मर्यादेत राहणारी, पण कोणत्याही एकाच संख्येच्या जवळ जात न राहणारी, न संपणारी संख्यांची क्रमिका. कोणी १, −१, १, −१ देईल, कोणी १, २, ३, १, २, ३ देईल. मग या प्रत्येकीत एखादी कन्व्हर्जंट सबसीक्वेन्स (मूळ क्रमातच काही पदे निवडून बनलेली न संपणारी क्रमिका) सापडतेच का, असे विचारले की चर्चा बोल्झानो-वायरस्ट्रास प्रमेयाच्या (प्रत्येक बाउंडेड सीक्वेन्समध्ये अशी सबसीक्वेन्स असतेच) दारापर्यंत जाते आणि प्रत्येकाचे उदाहरण गटाला लागते. चर्चा मराठीतून होऊ द्यावी. सिद्धता इंग्रजीत लिहिण्याचे काम नंतर सर्वांनी मिळून करावे. खडू हाती असणाऱ्याने स्वतःचे न लिहिता इतरांनी सांगितलेलेच फळ्यावर लिहायचे, हा नियमही उपयोगी पडतो.

उत्तर ३:
विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असतो, ही चिंता खरी आहे. तरीही विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात, निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर सक्रिय सहभागाच्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. प्रत्येक तास गटाचा करण्याची गरज नाही; आठवड्यातील एक तास त्यासाठी राखावा आणि फळ्यावर मांडणी कोण करणार हे शिक्षकाने ऐन वेळी ठरवावे, म्हणजे गटातील प्रत्येकाला समजावून देण्याची जबाबदारी इतरांवर येते.