शब्दचर्चा: 'आप्रवासी', 'घुसखोर' की 'कागद नसलेला'? मेक्सिकन स्थलांतराचे शब्द

प्रश्न

अमेरिकेतल्या मेक्सिकन स्थलांतराचा इतिहास सांगणारा एक लेख मराठीत आणायचा आहे. आपल्याकडच्या बातम्यांत एकाच माणसाला एका ओळीत 'स्थलांतरित', दुसरीत 'घुसखोर', तिसरीत 'निर्वासित' म्हटलेलं दिसतं. 'बेकायदा नागरिक' असंही वाचलं. इमिग्रंट, एलियन, ब्रासेरो, वेटबॅक, रिपॅट्रिएशन या शब्दांचं मराठीत काय करावं?

प्रतिसाद १

'बेकायदा नागरिक' सगळ्यात आधी काढा. नागरिक आहे म्हणजे देशात राहायचा हक्क आहेच, मग बेकायदा काय उरलं?

'स्थलांतरित' सैल शब्द आहे. लातूरहून पुण्याला आलेलाही स्थलांतरितच. बाहेरच्या देशातून वस्तीला आलेल्यासाठी 'आप्रवासी' आणि देश सोडून जाणाऱ्यासाठी 'उत्प्रवासी' हे शब्द आहेत. थोडे पुस्तकी आहेत, पण नेमके आहेत. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातून निघताना तो उत्प्रवासी, कॅलिफोर्नियात पोचला की आप्रवासी. 'निर्वासित' फक्त छळ, युद्ध वगैरेंमुळे देश सोडावा लागलेल्यांसाठी राखून ठेवा. मजुरीसाठी गेलेल्याला तो शब्द लावला की अर्थच बदलतो.

प्रतिसाद २

यात एक भर घालतो. या विषयात शब्द निवडण्याआधी साल बघावं लागतं. तोच माणूस, तोच रस्ता, पण सालाप्रमाणे त्याचं नाव बदललं आहे.

१८४८. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूभाग गमावला (यात आधीच गेलेला टेक्सास धरला आहे). अमेरिकेने दीड कोटी डॉलर मोजले. त्या मुलखात ८० हजार ते १ लाख मेक्सिकन राहत होते. ते कुठूनही आले नव्हते, सरकली ती सीमा. त्यांना 'आप्रवासी' म्हणणं सरळ चूक आहे. 'तिथले मेक्सिकन रहिवासी' लिहा. आजही त्या भागातली माणसं म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं. अमेरिकी शाळेत हाच भाग 'पश्चिमेकडचा विस्तार' म्हणून शिकवला जात आला. आजचे दोन टोकाचे दृष्टिकोन इथून फुटतात.

१९१७. नव्या कायद्याने साक्षरता चाचणी आणि ८ डॉलर माणशी कर आणला. शेतमालकांनी ओरड केली आणि मेक्सिकन मजुरांना काही वर्षं त्यातून सूट मिळाली. १९२१ मध्ये युरोपीयांवर देशवार कोटा बसला आणि १९२४ मध्ये तो आणखी कडक झाला, मेक्सिकोवर मात्र बसला नाही. पण १९२४ च्याच मे महिन्यात सीमा गस्ती दल उभं राहिलं. १९२९ मध्ये परवानगीशिवाय सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा ठरला. त्यामुळे १९२९ च्या आधीच्या माणसाला 'गुन्हेगार' या अर्थाने बेकायदा म्हणता येत नाही.

अमेरिकी संसदेने स्थलांतराच्या चौकशीसाठी नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाच्या १९११ च्या अहवालातलं एक मत या सगळ्याच्या मुळाशी आहे: मेक्सिकन माणूस मजूर म्हणून जितका चालेल, तितका नागरिक म्हणून नको. काम हवं, माणूस नको. पुढचे सगळे शब्द याच भूमिकेतून निघाले.

प्रतिसाद ३

ब्रासेरोबद्दल. स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू, त्यावरून ब्रासेरो: बाहूंच्या जोरावर राबणारा. आपल्याकडे 'हातावर पोट असलेला' आहेच, अर्थ अगदी जवळ. पण इथे तो एका योजनेचा शब्द आहे, म्हणून 'ब्रासेरो' तसाच ठेवून पहिल्या वेळी 'करारावरचा शेतमजूर' असा खुलासा करा. 'गिरमिटिया' वापरू नका. गिरमिट वर्षानुवर्षांचं आणि समुद्रापारचं, ब्रासेरोचा करार मोसमापुरता किंवा काही महिन्यांचा.

दोन्ही सरकारांच्या करारातून मेक्सिकन मजूर अमेरिकेत आणायची ही योजना ऑगस्ट १९४२ ते डिसेंबर १९६४ चालली. करार सुमारे ४६ लाख झाले. हा करारांचा आकडा आहे, माणसांचा नाही, कारण एकच माणूस अनेकदा गेला. भाषांतरात इथे हमखास घसरतात. भरतीच्या वेळी तळहातावरचे घट्टे बघत: मऊ हात म्हणजे शेतकाम येत नाही, बाजूला काढा. सीमेवर अंगावर डीडीटीची भुकटी मारत. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के बचत म्हणून कापले, ते पैसे कित्येकांना कधीच मिळाले नाहीत.

प्रतिसाद ४

'रिपॅट्रिएशन'ला 'मायदेशी पाठवणी' लिहिलेलं आढळतं. मराठीत पाठवणी लेकीची होते, आणि डोळ्यांत पाणी आणून. १९२९ च्या मंदीनंतर लाखो मेक्सिकनांना आगगाड्यांत बसवून परत धाडलं, त्यांतले बरेच अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे अमेरिकी नागरिकच होते. त्यांचा मायदेश कुठला? कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये कायदा करून याबद्दल माफी मागितली. 'सक्तीची रवानगी' हा शब्द बरा, कारण दडपण होतं पण प्रत्येक वेळी कायदेशीर आदेश नव्हता. आदेश असेल तिथेच 'हद्दपारी'.

कुणी 'तडीपार' सुचवेल. तड म्हणजे काठ आणि सीमा म्हणजे रिओ ग्रांदे नदी, त्यामुळे मोह होतो. पण आपल्याकडे तडीपार होतो तो गुंड, पोलीस कायद्याखाली आणि जिल्ह्याबाहेर. तो वास इथे नको.

'वेटबॅक' ही शिवी आहे, नदी पोहून आलेल्याची ओली पाठ. शब्दशः भाषांतर करू नका. १९५४ च्या मोहिमेचं सरकारी नावच 'ऑपरेशन वेटबॅक' होतं, तेवढ्यापुरतंच लिहा.

प्रश्नकर्ता

मग १९६५ नंतर तरी 'घुसखोर' चालेल का?

प्रतिसाद २

'घुसखोर' आपल्या कानाला शस्त्र घेऊन हद्दीत शिरलेला वाटतो. स्ट्रॉबेरी वेचायला आलेल्याला तो लागू नाही. शिवाय अनेक जण व्हिसावर रीतसर येतात आणि मुदत संपल्यावर राहतात. ते घुसलेले नसतातच.

१९६५ नंतर काय झालं ते बघा. १९६४ अखेर ब्रासेरो योजना बंद झाली. १९६५ च्या कायद्याने संपूर्ण पश्चिम गोलार्धाला वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा घातली, ती १९६८ पासून लागू झाली. १९७६ मध्ये प्रत्येक देशाला २० हजारांची. याउलट १९५६ या एका वर्षात ब्रासेरो करार सुमारे ४ लाख ४५ हजार होते! शेतं तीच, मजूर तेच, फक्त कागद बंद झाला. 'बेकायदा लोंढा' हे चित्र त्यानंतर मनात पक्कं झालं आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात कागद नसलेल्यांना सरकारी सेवा नाकारणाऱ्या प्रस्ताव १८७ ला त्यावरच मतं मिळाली.

म्हणून 'बेकायदा' हे विशेषण कृतीला लावा: बेकायदा प्रवेश, बेकायदा वास्तव्य. माणसाला नको. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही २०१३ मध्ये हाच नियम केला. माणसासाठी 'कागद नसलेला आप्रवासी'. स्पॅनिशमध्येही लोक 'सिन पापेलेस', म्हणजे कागदांविना, असंच म्हणतात. 'एलियन' हा कायद्यातला शब्द आहे, नागरिक नसलेला कुणीही. त्याला 'परकीय नागरिक' म्हणा, 'परग्रहवासी' तर मुळीच नाही.

तुमच्या लेखात '१९५४ मध्ये लाखो घुसखोरांना हाकललं' असं वाक्य येणारच. त्याऐवजी असं लिहून बघा: '१९५४ च्या उन्हाळ्यात कागद नसलेल्या मेक्सिकन मजुरांना मोठ्या प्रमाणावर पकडून सीमेपार धाडलं. दहा लाखांहून अधिकांचा सरकारी दावा इतिहासकार फुगवलेला मानतात.' आणि शेजारीच हेही द्या, की १९४० च्या दशकाअखेरीस पकडलेल्या मजुरांना सीमेपर्यंत नेऊन, करार हातात देऊन, त्याच शेतांवर परत आणत. इंग्रजीत त्याला 'ओल्यांना सुकवणं' म्हणत.