मदत हवी आहे: बेभरवशाचा रिसीव्हर ट्रेडमध्ये घ्यावा का?

नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीत ऑफिसच्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) फँटसी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर पॉइंट मिळतात त्या खेळात, एका ट्रेडवर (खेळाडूंच्या अदलाबदलीवर) अडकलोय. दर आठवड्याला न चुकता 12-13 पॉइंट आणणारा माझा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) देऊन एक वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) मिळतोय. त्याचे गेल्या चार सामन्यांचे पॉइंट: 27, 4, 2, 24. एका हाताने झेल घेतो तेव्हा डोळ्यांचं पारणं फिटतं, आणि पुढच्याच रविवारी थेट हातात आलेला बॉल सोडतो.

मन रँडी मॉस या जुन्या रिसीव्हरकडे धावतं. 2006 मध्ये ओकलंड संघात त्याचे फक्त 3 टचडाउन (बॉल विरोधी संघाच्या टोकाच्या भागात पोचवणं). मग पेट्रियट्स संघाने चौथ्या फेरीचा फक्त एक पिक (नवे खेळाडू निवडण्याचा हक्क) देऊन त्याला घेतला आणि 2007 मध्ये पास झेलून 23 टचडाउन, एका हंगामातला तो विक्रम अजून टिकून आहे! पण पर्सी हार्विन हा रिसीव्हरही आठवतो. सिएटलने 2013 मध्ये पहिल्या फेरीसह तीन पिक मोजले, सुपर बोलमध्ये (अंतिम सामन्यात) 87 यार्डांचा किकऑफ रिटर्नही (समोरच्यांनी किक मारलेला बॉल पकडून केलेली धाव) मिळाला, तरी 2014 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला जेट्स संघाकडे धाडलं.

मॉसला पेट्रियट्समध्ये टॉम ब्रेडीसारखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) मिळाला, हाच मला खरा फरक वाटतो. या रिसीव्हरचा क्वार्टरबॅक मात्र तोच राहणार. मग त्याच्याकडे दर सामन्यात किती पास फेकले जातात, ते बघून ठरवू का? कोणी असा सौदा केलाय? मंगळवारी रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय.