समुराई कादंबऱ्यांतला तांदूळ पिकवतो कोण?

माळरान
क्लॅव्हेलच्या 'शोगुन' कादंबरीवरची नवी मालिका २०२४ साली आल्यापासून आपल्याकडेही बरेच जण जपानच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळलेत. मीही ओळीने वाचल्या. तक्रार एकच: त्या तलवारवाल्याच्या बाजूने लिहिलेल्या असतात आणि आपणही त्याच बाजूने वाचतो.

तिथे सरदाराची ऐपत तांदळात मोजत. एक कोकू म्हणजे साधारण १५० किलो, एका माणसाची वर्षाची बेगमी. १०,००० कोकूंच्या वरचा मुलूख असला की तो दाइम्यो, म्हणजे बडा सरदार. हा तांदूळ पिकवणाऱ्याचं निम्म्याच्या आसपास पीक करात जायचं आणि १५८८ साली तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने त्याची शस्त्रंही काढून घेतली. कादंबरीत तो दिसतो तो रस्त्याकडेला डोकं टेकवून बसलेला, पानभरही नाही.

ज्या मरणाला न भिणाऱ्या बाण्यावर आपण भुलतो, त्याचंही मूळ बघा. समुराईच्या आचारावरचं पुस्तक 'हागाकुरे', त्यातले विचार ज्याचे, तो यामामोतो त्सुनेतोमो जन्मला १६५९ साली, मोठ्या लढाया संपल्यानंतर. रणांगण त्याने पाहिलंच नाही. १७०० साली धनी वारला. त्याच्यामागे जीव द्यायची याची इच्छा होती, पण त्या प्रथेवर बंदी होती. मग भिक्षू होऊन डोंगरातल्या झोपडीत राहिला आणि समुराईने मरणाला कसं सामोरं जावं ते सांगत बसला. तोच बाणा आपण शंभर वर्षं आधीच्या लढवय्यांना सरसकट चिकटवतो.

शाल्मली
असहमत. शेतकऱ्याबद्दल म्हणता ते रास्त, पण सगळा प्रकारच कशाला मोडीत काढता? कादंबरीकार फुजिसावा शूहेइ वाचा. त्यांचं उनासाका हे काल्पनिक संस्थान त्यांच्याच शोनाई मुलखावर बेतलेलं आहे, आणि तिथली माणसं खालच्या दर्जाची. त्यांच्या कथांवरून दिग्दर्शक योजी यामादांनी २००२ साली चित्रपट केला. त्यातला सेइबेइ ५० कोकूंचा समुराई. कोठारात हिशेब लिहितो, बायको गेलेली, आई भ्रमिष्ट, दोन लहान मुली. संध्याकाळी सोबतचे प्यायला जातात आणि हा घरी येऊन किडे ठेवायचे पिंजरे विणतो, कारण नुसत्या तनख्यात भागत नाही. याला तलवारीचं कौतुक म्हणायचं?

आणि त्सुनेतोमोचं म्हणाल तर मला उलट वाटतं. लढाई न पाहिलेल्या माणसाला मरणाचा एवढा ध्यास का लागावा, हे सनावळी सांगणार नाही. तिथेच कादंबरीकाराचं काम सुरू होतं.

मांडवीकाठ
माझा आक्षेप 'शोगुन'ची नायिका मारिको हिच्याबद्दल. ती बेतली आहे होसोकावा ग्रासियावर. ग्रासियाचा बाप आकेची मित्सुहिदे, १५८२ साली आपल्या धन्यावर, नोबुनागावर, उलटलेला. द्रोह्याची लेक म्हणून तिला डोंगरात लपवून ठेवलं होतं. पुढे ती ख्रिस्ती झाली. १६०० साली ओसाकात ओलीस धरायला माणसं आली, तेव्हा धर्माने आत्महत्या वर्ज्य, म्हणून तिने घरच्या कारभाऱ्याच्या हातून मरण पत्करलं. एवढं आयुष्य असताना कादंबरीने तिला इंग्रज खलाशाची प्रेयसी केलं. ज्याच्यावरून तो खलाशी घेतला, त्या विल्यम अ‍ॅडम्सशी तिची भेट झाल्याचाही पुरावा नाही.

आम्हा गोंयकारांना हा धागा जवळचा. आंजिरो नावाच्या जपान्याचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झाला आणि त्यालाच सोबत घेऊन धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरला. त्या आंजिरोवर कुणी लिहावं, फार मनापासून वाटतं.

शाल्मली
मांडवीकाठ, पण क्लॅव्हेलने १९७५ साली सगळी नावं बदलून लिहिलं. आपल्याकडे खरी नावं ठेवून रचलेले प्रसंग लोक इतिहास म्हणून भाषणांत सांगतात. त्यापेक्षा हे प्रामाणिक नाही का? ग्रासियाचं नाव मला मारिकोमुळेच कळलं.

माळरान
नावं बदलली तरी वाचणारा १६०० सालचा जपान म्हणूनच वाचतो ना? सेइबेइचा मुद्दा मात्र बिनतोड, फुजिसावा मिळवून वाचतो. तरी तुमचा सेइबेइसुद्धा हिशेब लिहितो तो कोठारातल्या तांदळाचाच. ती पोती भरणारं घर मला अजून एकाही कादंबरीत आतून बघायला मिळालेलं नाही. कुणाला माहीत असेल तर नाव द्या.